समाधान होणे, मानणे आणि करणे : ध्यानसाधना व नोकरीतील समाधान यांच्या संबंधाची चिकित्सा

गोषवारा

ध्यानसाधनेमुळे नोकरदार व्यक्तींचे नोकरीतील समाधान वाढते, असा निष्कर्ष अनेक पाहणी-अभ्यासांतून मांडला जातो. प्रस्तुत शोधनिबंधात या निष्कर्षाची चिकित्सा केली आहे. त्यासाठी मराठीतील ‘समाधान’ या शब्दाचा अर्थविस्तार, आधुनिक संघटन-मानसशास्त्रातील काही महत्त्वाचे अभ्यास आणि दापोली परिसराशी नाते असलेल्या तीन ग्रंथांचा आधार घेतला आहे. लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’, साने गुरुजींनी लिहून घेतलेली विनोबांची ‘गीताप्रवचने’ आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा बुद्धधम्मविषयक ग्रंथ हे ते तीन ग्रंथ होत. मनाची स्थिरता आणि कामाच्या परिस्थितीविषयीचा संतोष या दोन भिन्न गोष्टी असून प्रचलित मापन-पद्धतीत त्यांची सरमिसळ होते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : ध्यानसाधना, नोकरीतील समाधान, कर्मयोग, विकर्म, सम्यक समाधी, तासिका तत्त्वावरील अध्यापक.

प्रस्तावना

दापोली तालुक्यात कोटजाई नदीच्या काठी पन्हाळेकाजी येथे २९ लेण्यांचा समूह आहे. पुरातत्त्ववेत्ते म. न. देशपांडे यांनी १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या लेण्यांचा सविस्तर अभ्यास मांडला. आरंभी हीनयान, पुढे वज्रयान आणि अखेरीस नाथपंथ अशा तीन साधनापरंपरांच्या खुणा या एकाच दरीत आढळतात. म्हणजे दापोलीच्या भूमीला ध्यानसाधनेचा परिचय काही शतकांचा आहे. मात्र त्या लेण्यांत ध्यानाला बसणारा साधक नोकरदार नव्हता. त्याने उपजीविकेचा व्यवसाय सोडला होता, घर सोडले होते आणि तो भिक्षेवर निर्वाह करीत होता. त्याच्या बाबतीत ‘नोकरीतील समाधान’ हा प्रश्नच संभवत नव्हता.

आज ध्यानाला बसणारी व्यक्ती शिक्षक, लिपिक, बँक कर्मचारी, परिचारिका किंवा विद्यापीठातील अधिकारी असते. सकाळी अर्धा तास डोळे मिटून बसल्यानंतर तिला हजेरीपटावर सही करावयाची असते. २०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून साजरा होऊ लागल्यावर शैक्षणिक संस्थांतही योग-ध्यानाच्या कार्यक्रमांना नियमित स्थान मिळाले. महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना विपश्यना शिबिरासाठी रजेची सवलत दिली. शालेय शिक्षण विभाग व विपश्यना विशोधन विन्यास यांच्या सहकार्याने शाळांमध्ये आनापान साधनेचा ‘मित्र उपक्रम’ राबविण्यात आला. साधकाची सामाजिक भूमिका अशी पूर्णपणे बदललेली असल्यामुळे साधनेकडून असलेली अपेक्षाही बदलली. मुक्तीऐवजी ताणमुक्ती आणि वैराग्याऐवजी कार्यक्षमता ही उद्दिष्टे पुढे आली. या बदलाची चिकित्सा करणे आवश्यक आहे, कारण तिच्याशी अध्यापकवर्गाच्या दैनंदिन जीवनातील एक व्यावहारिक प्रश्न निगडित आहे : कर्मचारी असमाधानी असेल तर बदल कशात व्हावा, त्याच्या मनात की त्याच्या नोकरीत?

‘समाधान’ या शब्दाचा विचार

मराठीतील प्रश्नावल्यांमध्ये इंग्रजी ‘जॉब सॅटिस्फॅक्शन’ या संज्ञेसाठी ‘नोकरीतील समाधान’ किंवा ‘कार्यसमाधान’ असा प्रतिशब्द योजला जातो. हा अनुवाद सरळ वाटला तरी दोन्ही शब्दांच्या मुळाशी भिन्न कल्पना आहेत. ‘सॅटिस्फॅक्शन’ हा शब्द लॅटिन भाषेतील ‘सातिस’ म्हणजे पुरेसे आणि ‘फाकेरे’ म्हणजे करणे या दोन पदांपासून आला आहे. मागणी पुरती करणे, देणे फेडणे हा त्याचा जुना अर्थ होय. त्यात दोन पक्ष गृहीत आहेत : एक देणारा आणि एक घेणारा. याउलट ‘समाधान’ हा शब्द ‘धा’ या धातूला ‘सम्’ व ‘आ’ हे उपसर्ग लागून बनतो. ‘समाधी’ हा शब्दही त्याच धातूपासून आणि त्याच उपसर्गांनी सिद्ध होतो. चित्त नीट ठिकाणी ठेवणे हा त्यातील मूळ भाव आहे. येथे दुसऱ्या पक्षाची आवश्यकता नाही.

याचा परिणाम असा होतो की, ‘आपण आपल्या नोकरीत समाधानी आहात काय?’ हा प्रश्न मराठी उत्तरदात्यापर्यंत पोहोचताना त्याचा रोख बदलतो. संस्थेने पुरेसे दिले काय, असे मूळ प्रश्नाला विचारावयाचे असते. आपले चित्त ठिकाणावर आहे काय, असे उत्तरदात्याला ऐकू येते. संतवाङ्मयाच्या संस्कारामुळे समाधानी असणे हा आपल्याकडे सद्‌गुण मानला जातो. त्यामुळे ‘असमाधानी’ या रकान्यात खूण करणे म्हणजे स्वतःच्याच स्वभावातील उणीव कबूल करणे, असेही काहींना वाटू शकते.

मराठी भाषेने मात्र क्रियापदांच्या साहाय्याने हा भेद जपून ठेवला आहे. समाधान ‘होते’, समाधान ‘मानले’ जाते आणि समाधान ‘केले’ जाते. पोटभर जेवण झाल्यावर समाधान होते. पराभूत संघाला दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागते. विद्यार्थ्याच्या शंकेचे समाधान शिक्षक करतो. पहिल्या प्रकारात गरज पुरी झालेली असते, दुसऱ्यात ती अपुरी राहूनही स्वीकारलेली असते आणि तिसऱ्यात ती पुरी करण्याचे उत्तरदायित्व कोणावर तरी असते. पाच बिंदूंच्या मापिकेवर पहिल्या दोन प्रकारांची उत्तरे एकाच अंकाने नोंदविली जातात आणि तिसरा प्रकार तर विचारलाच जात नाही. प्रस्तुत चिकित्सेचा हाच मुख्य आधार आहे.

आधुनिक संशोधनाचे स्वरूप व मर्यादा

नोकरीतील समाधानाचा पद्धतशीर अभ्यास रॉबर्ट हॉपॉक यांच्या १९३५ च्या ग्रंथापासून सुरू झाला असे सामान्यतः मानले जाते. फ्रेडरिक हर्झबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये द्विघटक सिद्धान्त मांडला. वेतन, नोकरीची सुरक्षितता, संस्थेचे धोरण आणि पर्यवेक्षण या घटकांच्या अभावी असमाधान निर्माण होते, तर कामाचे स्वरूप, कर्तृत्व, मान्यता आणि जबाबदारी यांतून समाधान निर्माण होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. या सिद्धान्तावर पुढे पुष्कळ टीका झाली. तरीही असमाधान दूर होणे आणि समाधान लाभणे या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत, हे त्यातील सूत्र आजही उपयुक्त आहे. एडविन लॉक यांनी १९७६ मध्ये केलेल्या व्याख्येनुसार, आपल्या नोकरीचे मूल्यमापन करताना उद्भवणारी सुखद भावनिक अवस्था म्हणजे नोकरीतील समाधान होय. या व्याख्येत मूल्यमापनाला केंद्रस्थान आहे. नोकरी सुधारली तर मूल्यमापन सुधारते. नोकरी आहे तशीच राहून मूल्यमापन करणाऱ्याची दृष्टी बदलली तरीही अंक वाढतो.

ध्यानसाधना यांपैकी दुसऱ्या मार्गाने कार्य करते. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात सजगतेवर आधारित ताणनिवारणाचा कार्यक्रम सुरू केला. त्याने ध्यानाला रुग्णालयात आणि नंतर कार्यालयात प्रवेश मिळवून दिला. उटे ह्युल्शेगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात २१९ कर्मचाऱ्यांच्या पाच दिवसांच्या नोंदी तपासल्या आणि त्याखेरीज ६४ व्यक्तींवर स्वतंत्र प्रयोग केला. सजगतेमुळे भावनिक थकवा कमी होतो आणि नोकरीतील समाधान वाढते, असे त्यात आढळले. या परिणामामागील कारणाचा शोधही त्यांनी घेतला. मनात एक आणि चेहऱ्यावर दुसरे असा वरवरचा अभिनय सजग व्यक्ती कमी करते, म्हणून ती कमी थकते. आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ मध्ये विमानसेविकांच्या अभ्यासातून मांडलेल्या ‘भावनिक श्रम’ या संकल्पनेशी हा निष्कर्ष जोडता येतो. वर्गात दिवसभर प्रसन्न मुद्रा धारण करणाऱ्या अध्यापकाला त्याचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही. ध्यानाचा लाभ खरा आहे, हे यावरून मान्य केले पाहिजे.

तथापि चित्राची दुसरी बाजूही आहे. अँड्र्यू हाफेनब्रॅक व कॅथलीन व्होस यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, अल्पकाळ ध्यान केल्यानंतर साधी कामे करण्याची प्रेरणा कमी झाली, परंतु कामाची गुणवत्ता मात्र घटली नाही. म्हणजे शांतता आणि कामाची ओढ या नेहमी एकत्र वाढत नाहीत. विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये ब्रिटनमधील २३३ संस्थांतील ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या माहितीचे विश्लेषण प्रसिद्ध केले. सजगतेचे वर्ग, ताण सोसण्याचे प्रशिक्षण, मनःस्वास्थ्याची अ‍ॅप अशा व्यक्तिकेंद्री उपक्रमांत भाग घेणारे कर्मचारी न घेणाऱ्यांपेक्षा अधिक सुस्थितीत आढळले नाहीत. अपवाद होता तो समाजोपयोगी स्वयंसेवेच्या संधीचा. हा अभ्यास एकाच वेळी घेतलेल्या पाहणीवर आधारलेला असल्याने त्यातून कार्यकारणभाव निश्चित करता येत नाही, ही त्याची मर्यादा होय. आपल्याकडील अनेक लहान पाहण्यांना हीच मर्यादा लागू पडते. साधना करणारे व न करणारे असे दोन गट घेऊन त्यांच्या गुणांची तुलना केली जाते. परंतु ज्याची नोकरी स्थिर आहे, ज्याला रजा मिळते आणि ज्याच्या घरी सकाळी अर्धा तास मोकळा असतो, तोच साधनेकडे वळण्याची शक्यता अधिक असते. अशा वेळी समाधानामुळे साधना की साधनेमुळे समाधान, हा प्रश्न अनिर्णित राहतो.

‘गीतारहस्य’ : समबुद्धी आणि प्रतिकार

टिळकांचे मूळ गाव चिखलगाव हे दापोली तालुक्यातील. ‘गीतारहस्य’ त्यांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात लिहिले आणि ते १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. गीतेच्या सहाव्या अध्यायातील ध्यानयोगाचा अर्थ लावताना टिळकांनी ध्यानाला साध्याचे स्थान दिले नाही. समबुद्धी प्राप्त करून घेण्याचे ते एक साधन आहे आणि ती बुद्धी प्राप्त झाल्यावर कर्म सोडावयाचे नसून लोकसंग्रहार्थ करीत राहावयाचे आहे, असा त्यांचा आग्रह आहे. बाराव्या अध्यायातील अभ्यास, ज्ञान, ध्यान आणि कर्मफलत्याग या क्रमात ध्यानाच्याही पुढे कर्मफलत्याग ठेवलेला आहे. टिळकांना त्यात कर्मयोगाच्या श्रेष्ठत्वाचा आधार दिसला.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने टिळकांचे अधिक महत्त्वाचे विवेचन सिद्धावस्था व व्यवहार यांच्या संबंधाविषयीचे आहे. निर्वैर असणे म्हणजे अन्यायाचा प्रतिकार न करणे नव्हे, असे ते स्पष्ट करतात. मनात द्वेष न ठेवता दुष्ट कृत्याचा प्रतिकार करता येतो, किंबहुना समबुद्धीच्या माणसानेच तो योग्य प्रकारे करता येतो. ही भूमिका नोकरीच्या क्षेत्राला लावली तर असे म्हणता येते की, शांत चित्ताचा कर्मचारी वेतनाची मागणी सोडून देईल असे मानण्यास काहीच आधार नाही. तो ती अधिक नेमकेपणाने, वैयक्तिक कटुता न आणता मांडील. मात्र टिळकांच्या विवेचनात एक उणीव जाणवते. त्यांचा कर्मयोगी हा प्रामुख्याने निर्णय घेणारा, नेतृत्व करणारा पुरुष आहे. ज्याला काय करावे हे दुसरा सांगतो, अशा कनिष्ठ नोकरदाराच्या कामाचा तपशील त्या ग्रंथात फारसा येत नाही.

‘गीताप्रवचने’ आणि साने गुरुजी : विकर्माची कसोटी

ही उणीव काही प्रमाणात विनोबांच्या ‘गीताप्रवचनां’मध्ये भरून निघते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात फेब्रुवारी ते जून या काळात दर रविवारी एक याप्रमाणे विनोबांनी अठरा प्रवचने दिली. ती लिहून घेतली साने गुरुजींनी. साने गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी दापोली तालुक्यातील पालगड येथे झाला आणि त्यांच्या शालेय शिक्षणाचा काही काळ दापोलीत गेला. त्यांनी ही प्रवचने टिपून घेतली नसती तर मराठीला हा ग्रंथ आज आहे त्या रूपात लाभला नसता.

चौथ्या अध्यायावरील प्रवचनात विनोबांनी कर्म, विकर्म आणि अकर्म यांचा संबंध उलगडून दाखविला आहे. बाहेरून दिसणारी कृती हे कर्म. त्या कृतीला लाभणारी अंतःकरणाची जोड हे विकर्म. या दोहोंचा योग झाला की कर्माचे ओझे वाटेनासे होते आणि तेच अकर्म. सहाव्या अध्यायावरील प्रवचनात चित्ताच्या एकाग्रतेबरोबरच जीवनाची परिमितता आणि समदृष्टी यांचा विचार येतो. आसनावर बसून साधलेली एकाग्रता आणि उरलेल्या दिवसाचा अस्ताव्यस्त व्यवहार यांचा मेळ बसू शकत नाही, व्यवहार शुद्ध केल्याखेरीज ध्यान लागणार नाही, हा त्या विवेचनाचा आशय आहे. आधुनिक कार्यशाळांमध्ये ध्यान आधी शिकविले जाते आणि व्यवहार आपोआप सुधारेल असे गृहीत धरले जाते. विनोबांनी क्रम उलट लावला आहे. हिशेब खोटे लिहिले जात असलेल्या कार्यालयात सामूहिक ध्यानाचा तास ठेवणे, हे या कसोटीवर निरर्थक ठरते.

विकर्माची कल्पना स्वतः साने गुरुजींच्या नोकरीला लावून पाहणे उद्बोधक आहे. अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात काही काळ घालविल्यानंतर १९२४ ते १९३० या काळात ते तेथील शाळेत शिक्षक होते. वसतिगृहाचे काम पाहताना ते मुलांसाठी हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ लिहीत, मुलांच्या खोल्या झाडीत, त्यांचे कपडे आवरून ठेवीत. नेमणूकपत्रात यांपैकी कोणतेही काम लिहिलेले असण्याची शक्यता नाही. विनोबांच्या परिभाषेत हे विकर्म होय आणि हर्झबर्ग यांच्या परिभाषेत कामातूनच उद्भवणारे समाधान होय. असे असूनही १९३० साली सविनय कायदेभंगाच्या चळवळीसाठी त्यांनी ही नोकरी सोडली. नोकरीत समाधान असणे आणि नोकरी सोडणे या दोन गोष्टी एकाच व्यक्तीच्या ठिकाणी विनाविरोध नांदू शकतात, हे या उदाहरणावरून दिसते. समाधानाची मापिका संस्था सोडण्याच्या इच्छेला असमाधानाचे लक्षण समजते. साने गुरुजींसारख्या शिक्षकाची नोंद तिला करता आली नसती.

येथे आणखी एका समान घटकाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. ‘गीतारहस्य’ आणि ‘गीताप्रवचने’ हे स्थिर चित्ताची महती सांगणारे दोन्ही ग्रंथ तुरुंगात सिद्ध झाले. धुळ्यातील श्रोत्यांमध्ये सत्याग्रही कैदी होते. त्यांचे चित्त शांत व्हावे अशी वक्त्याची इच्छा होती, पण म्हणून त्यांनी ब्रिटिश राज्यव्यवस्थेविषयी समाधान मानावे, असे तेथे कोणाच्याही मनात आले नसेल. चित्ताचे समाधान आणि परिस्थितीविषयीचे असमाधान एकत्र असू शकते. एवढेच नव्हे, तर पहिले असल्याशिवाय दुसरे दीर्घकाळ टिकविता येत नाही, हे त्या पिढीने आचरणातून दाखविले. हाच धागा ‘नोकरीतील समाधान’ या संकल्पनेत तुटलेला दिसतो.

आंबेडकरांची भूमिका : दुःख माणसामाणसांतील

डॉ. आंबेडकर यांचे मूळ गाव आंबडवे हे दापोलीला लागून असलेल्या मंडणगड तालुक्यातील. वडील सैन्यातून निवृत्त झाल्यानंतर हे कुटुंब काही काळ दापोलीच्या कॅम्पात राहिले होते. १९५७ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी समाधी आणि सम्यक समाधी यांत स्पष्ट भेद केला आहे. नुसती समाधी मनातील अडथळ्यांना तात्पुरते थोपवून धरते. ध्यानाच्या या अवस्था ओसरल्या की मन पूर्ववत होते. सम्यक समाधी मात्र मनाला कुशल कर्माचा विचार करण्याची सवय लावते आणि त्याला कायमचे वळण देते. ताणनिवारणाचा कार्यक्रम संपल्यावर त्याचा परिणाम किती टिकतो, या आजच्या संशोधकांपुढील प्रश्नाला ही मांडणी थेट भिडते. त्याच ग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी भिक्खूविषयी जो प्रश्न उपस्थित केला आहे तोही महत्त्वाचा आहे. भिक्खू केवळ स्वतःपुरता परिपूर्ण माणूस असेल तर समाजाला त्याचा उपयोग नाही. तो समाजसेवक असेल तरच त्याच्याकडून आशा करता येईल, असा त्यांचा कौल आहे.

या विचाराची व्यावहारिक बाजू कोकणानेच पाहिली आहे. १७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती पद्धती रद्द करण्याचे विधेयक मांडले. रत्नागिरी जिल्ह्यातील कुळांवर या पद्धतीचा मोठा भार होता. योगायोगाची गोष्ट अशी की साने गुरुजींचा जन्म पालगडच्या खोत घराण्यातच झाला होता. शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात अलिबागजवळील चरी येथे १९३३ ते १९३९ या काळात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमीन न कसण्याचा संप केला. खोताच्या जमिनीवर राबणाऱ्या कुळाला त्या काळी कोणी समाधानाची प्रश्नावली दिली असती तर परंपरेने समाधान मानण्याची सवय लागलेल्या पुष्कळांनी ‘समाधानी’ असे उत्तर दिले असते, असे अनुमान करता येते. खोती नष्ट होण्यासाठी १९४९ चा कायदा व्हावा लागला. पुढे मजूरमंत्री म्हणून (१९४२-४६) आंबेडकरांनी कामगारविषयक कायद्यांना जी दिशा दिली, तिचा एक परिणाम म्हणून १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ४८ वर आले. थकलेल्या कामगाराला विश्रांती देण्याचा हा मार्ग समाधान ‘करण्याचा’ होता.

विपश्यनेचे उदाहरण

या चिकित्सेवरून ध्यानसाधना आणि कार्यालय यांचा संबंधच अनुचित आहे, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ मध्ये भारतात आणलेली आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रातून विस्तारलेली विपश्यना ज्यांच्याकडून त्यांना मिळाली, ते ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी आपल्याच कार्यालयात कर्मचाऱ्यांसाठी साधनेची सोय केली होती. कार्यालयातील ध्यानाचे आशियातील हे महत्त्वाचे उदाहरण कबात-झिन यांच्या कार्यक्रमापेक्षा जुने आहे. ऊ बा खिन स्वतः साधक होते, प्रशासनातील सचोटीसाठी त्यांची ख्याती होती आणि कार्यालयाची व्यवस्था सुधारण्याचे अधिकारही त्यांच्या हाती होते. अधिकाऱ्याने कनिष्ठांना ध्यान करावयास सांगणे आणि अधिकाऱ्याने स्वतः ध्यान करून कार्यालयाचा कारभार स्वच्छ करणे, यांत मोठे अंतर आहे. दहा दिवसांच्या शिबिरासाठी शुल्क न आकारण्याची विपश्यना परंपरेची प्रथाही येथे लक्षात घेण्याजोगी आहे. साधना विकली जात नाही, तोपर्यंत तिच्याकडून कोणत्याही खरेदीदाराला उत्पादनवाढीची हमी द्यावी लागत नाही.

महाविद्यालयीन संदर्भ

वरील विवेचनाचा महाविद्यालयाशी असलेला संबंध उघड आहे. आज एकाच शिक्षककक्षात शेजारी बसणाऱ्या दोन अध्यापकांची स्थिती पाहावी. एक पूर्णवेळ आणि नियमित वेतनश्रेणीत आहे. दुसरा तासिका तत्त्वावर आहे. त्याला घेतलेल्या तासिकांनुसार मानधन मिळते, ते वेळेवर मिळेलच याची खात्री नसते आणि पुढील वर्षी नेमणूक होईल की नाही हे त्याला ठाऊक नसते. दोघेही तोच अभ्यासक्रम शिकवितात, त्याच उत्तरपत्रिका तपासतात आणि योग दिनाच्या सकाळी एकाच सतरंजीवर डोळे मिटून बसतात. कार्यक्रमानंतर भरून घेतलेल्या प्रश्नावलीत दोघांनीही ‘समाधानी’ या रकान्यात खूण केली तर अहवालात दोन समाधानी अध्यापकांची नोंद होईल. पहिल्याचे समाधान कदाचित झालेले असेल. दुसऱ्याने ते मानलेले असेल, किंवा पुढील नेमणुकीचा विचार करून तसे लिहिलेले असेल. अहवालावरून हे कळण्यास मार्ग नाही.

दुसऱ्या अध्यापकाला ध्यानाचा उपयोग नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. अनिश्चिततेत जगणाऱ्याला स्थिर चित्ताची गरज उलट अधिक असते. वर्गात प्रवेश करताना मानधनाची विवंचना बाहेर ठेवता आली तर त्याचा लाभ विद्यार्थ्यांना आणि त्याला स्वतःलाही होतो. आक्षेप आहे तो या लाभाचा हिशेब संस्थेच्या नावे मांडण्याला. साधनेचे श्रम अध्यापकाचे आहेत, म्हणून त्यातून मिळालेली शांतीही त्याचीच आहे. त्या शांतीमुळे संस्थेचे देणे फिटत नाही.

या अनुषंगाने या विषयावर संशोधन करणाऱ्यांसाठी काही सूचना करता येतात. प्रश्नावलीत मनाच्या स्वास्थ्याविषयीचे प्रश्न आणि वेतन, सुरक्षितता, कामाचा भार यांविषयीचे प्रश्न वेगळे ठेवावेत व त्यांचे गुण एकत्र मिळवू नयेत. नमुन्यात नियमित आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकांचे निष्कर्ष स्वतंत्रपणे नोंदवावेत. साधना सुरू करण्यापूर्वीची स्थिती आणि काही महिन्यांनंतरची स्थिती अशा दोन्ही वेळी माहिती घ्यावी. प्रश्नावली संस्थेच्या कार्यालयामार्फत गोळा करू नये, कारण तेथे उत्तरदात्याला निर्भयपणे लिहिता येत नाही. आणि ‘आपले समाधान कोणी व कशाने करावे असे आपणास वाटते?’ असा एक मुक्त प्रश्न अवश्य ठेवावा.

समारोप

पन्हाळेकाजीच्या लेण्यातील साधकाने समाजाकडून मिळणाऱ्या वेतनाचा हक्क स्वतः होऊन सोडला होता. आजच्या नोकरदार साधकाने तो सोडलेला नाही आणि सोडावा अशी अपेक्षाही त्याच्याकडून करता येत नाही. टिळक, विनोबा-साने गुरुजी आणि आंबेडकर यांच्या भूमिकांमध्ये मूलभूत मतभेद आहेत. गीतेकडे पाहण्याची आंबेडकरांची दृष्टी उरलेल्यांपेक्षा पूर्णतः वेगळी होती. तथापि स्थिर चित्त हे कर्तव्याला बळ देण्यासाठी आहे, परिस्थितीला मान्यता देण्यासाठी नाही, या एका मुद्द्यावर हे तिन्ही ग्रंथ परस्परांच्या जवळ येतात.

ध्यानसाधनेने चित्ताचे समाधान होऊ शकते, यास अनुभवाचा आणि संशोधनाचा आधार आहे. नोकरीतील उणिवांचे समाधान करणे हे मात्र संस्थेचे व शासनाचे काम असून त्याचा भार साधनेवर टाकता येत नाही. ज्या अध्यापकाने सकाळी ध्यान केले आहे, त्याने दुपारी थकीत मानधनासाठी अर्ज दिला तर त्यात विसंगती नाही. तो अर्ज त्याने शांतपणे, सुवाच्य अक्षरात आणि योग्य कलमाचा आधार देऊन लिहिला असेल, तर त्याची साधना फलदायी झाली असेच म्हणावे लागेल.